घरी संगणक असणे आवश्यक

सोमवारी सकाळी फलकावर यादी लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संगणकशास्त्राच्या नव्या विषयासाठी पात्र विद्यार्थी: सतरा. आमच्या नववीत अठ्ठेचाळीस मुलं आहेत. मी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, जणू उलटं वाचल्याने उरलेली एकतीस नावं उगवणार होती.

हा विषय माझा होता. म्हणजे शाळेचाच, पण खरं सांगायचं तर माझा. बारा वर्षं मी इथे 'संगणक' शिकवते आहे. त्या बारा वर्षांत मुलांना काय शिकवलं? अक्षरं ठळक कशी करायची, तिरकी कशी करायची आणि शुभेच्छापत्राला फुलांची चौकट कशी लावायची. दर वर्षी मी वर लिहायची की मुलांना प्रोग्रॅम लिहायला शिकवू द्या, यंत्राला काम कसं सांगायचं ते कळू द्या. दर वर्षी 'नोंद घेतली आहे' असं उत्तर यायचं. यंदा अचानक मंजुरी आली. दोन वर्षांचा विषय, नववी आणि दहावी, परीक्षेत गुण धरले जाणार. नववीच्या सुरुवातीला घेतला तर घेतला, नंतर मधूनच शिरता येणार नाही. सहा आठवड्यांत आराखडा द्या म्हणाले. मी पाच आठवड्यांत दिला. चौतीस पानं, आणि एकही पान कुठून उचललेलं नाही.

आणि आता सतरा!

यादीत वकील नव्हती, हे माझ्या लक्षात आधी आलं, आणि यादीतल्या सतराही जणांच्या घरी संगणक आहे, हे नंतर. वकील म्हणजे नववीतली एक मुलगी. सातवीत असताना तिने भर वर्गात मला विचारलं होतं, "बाई, यंत्र शून्यापासून का मोजतं? रांगेत सगळ्यात पुढे उभ्या असलेल्या माणसाला आपण शून्यावा म्हणतो का?" मी उत्तर दिलं, ते तिला पटलं नाही, आणि तास संपेपर्यंत आमचा खटला चालला. तेव्हापासून सगळी शाळा तिला वकील म्हणते. तिची आई लोकांचे कपडे इस्त्री करून देते. घर दीड खोलीचं, त्यात अर्धी जागा कपड्यांच्या गठ्ठ्यांची. घरी संगणक नाही, म्हणून ही मुलगी इतिहासाच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रोग्रॅम लिहिते आणि डोक्यात चालवते. गुरुवारी संगणक कक्षात तिची पाळी आली की ती वही उघडून सगळं टंकते. बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात चालतं. मला स्वतःला ते जमत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिलाच तास नववीचा होता. मी खडू हातात घेतला, ठेवून दिला आणि बोलत सुटले. म्हणाले, "यादी बघितलीत ना? ही हेडसरांची करामत आहे. ज्यांच्या घरात आधीच सगळं आहे त्यांच्याच ताटात आणखी वाढायचं, असा या शाळेचा न्याय. मी हे चालू देणार नाही." सतरा जणांनी माना खाली घातल्या, त्या बिचाऱ्यांचा काय दोष होता! पण माझी गाडी एकदा सुटली की मधे थांबत नाही. वकील पहिल्या बाकावर सरळ बसून ऐकत होती. मधल्या सुट्टीत ती कागद घेऊन वर्गभर फिरताना दिसली, आणि मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला.

मी हेडसरांच्या दारात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सकाळपासून ते बैठकीत होते, त्यामुळे माझ्या रागाला मुरायला भरपूर वेळ मिळाला होता. हेडसर शांत माणूस आहे. तोच त्यांचा सगळ्यात मोठा दोष. समोरचा ओरडत असला की ते पाण्याच्या पेल्यावरची बशी काढतात, एक घोट घेतात आणि बशी पुन्हा नीट ठेवतात.

"सर, ही यादी कोणाच्या डोक्यातून निघाली?"

"बसा."

"मी बसायला आलेली नाही."

"मग उभ्यानेच वाचा." त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवून पुढे सरकवली.

माझाच आराखडा होता. पान तीन, चौकट सात, 'प्रवेशासाठी अटी'. आणि खाली एकच ओळ: विद्यार्थ्याच्या घरी संगणक असणे आवश्यक.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग सगळं आठवलं. रविवार होता. तो आराखडा संगणकावरच भरायचा होता आणि चौकट सातच्या डोक्यावर लाल चांदणी होती. चौकट रिकामी ठेवली की पुढचं पान उघडायचंच नाही. स्वयंपाकघरातून जेवायला हाका येत होत्या. मी चरफडत एक ओळ टाकली, पुढचं पान उघडलं आणि ती विसरून गेले. पुढचं पान माझ्या आवडीचं होतं.

"चौकट रिकामी सोडता येत नव्हती," मी म्हणाले. "म्हणून काहीतरी लिहिलं."

"'अट नाही' असंही लिहिता आलं असतं."

"तुम्ही मला विचारायचं होतंत! एवढी एकतीस मुलं गळतायत, एक फोन करायला काय झालं होतं?"

हेडसरांनी बशी काढली, घोट घेतला, बशी ठेवली. "बाई, तुम्हीच सांगता ना मुलांना की यंत्र मनातलं वाचत नाही, लिहिलेलं वाचतं? कार्यालयाचंही तसंच आहे. तुम्ही अट लिहिली, खाली सही केली. प्रवेशअर्जात पालकांनी घरी संगणक आहे की नाही त्यावर खूण केलेली असते. कारकुनांनी ती ताडून पाहिली. सतरा निघाले. किमान पंधरा लागतात, म्हणजे विषय सुरू होतो. मला वाटलं, तुम्हाला हेच हवं असेल."

मला हेच हवं असेल! त्या माणसाच्या टेबलावरची फाईल उचलून खिडकीबाहेर भिरकावावी असं वाटलं. पण फाईल माझीच होती.

"ओळ खोडा. आत्ताच्या आत्ता."

"खोडतो. शुक्रवारपर्यंत दुरुस्ती चालते. पण जरा पान नऊ काढा."

पान नऊवर तिसरा आठवडा होता. शेवटच्या रकान्यात 'घरचा सराव: चार उदाहरणे'. पान दहावर पुन्हा घरचा सराव. अकरावर पुन्हा. हेडसरांनी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या होत्या. एकोणीस खुणा.

"ओळ खोडली की अठ्ठेचाळीसही वर्गात येतील," ते म्हणाले. "तिसऱ्या आठवड्यात त्यातले एकतीस काय करतील?"

मी बसले. शेवटी बसलेच.

इतका वेळ मला वाटत होतं की कुणीतरी माझ्या चांगल्या आराखड्यात एक वाईट ओळ घुसवली. तसं नव्हतं. ती ओळ आराखड्यातली सगळ्यात खरी ओळ होती. बाकीची तेहेतीस पानं तिच्याच जिवावर उभी होती. कक्षातली यंत्रं अपुरी पडणार, म्हणून मी सराव घरी ढकलला होता, आणि घर म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर माझंच घर होतं.

"आणखी एक," हेडसर म्हणाले. "बैठकीतून आलो तर दारात तुमची वकील उभी होती. एकतीस सह्या घेऊन. माझ्याशी चांगलीच भांडली. म्हणाली, अशी अट कुठे लिहिली आहे ते दाखवा."

"मग?"

"मग दाखवली."

"का दाखवलीत?" माझा आवाज चढला. "पोर आहे ती!"

"तिने विचारलं, बाई. आणि तुम्ही पहिल्या तासाला माझ्या नावाने वर्गात काय बोललात, तेही तिनेच मला सांगितलं."

मला त्या क्षणी हेडसरांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात आला नव्हता, आणि त्यांची काहीही चूक नव्हती, म्हणून तो आणखी आला.

घरी येऊन मी आधी भांडी घासली. राग आला की मी भांडी घासते, स्वच्छ असली तरी. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "चूक झाली, सुधार. त्यात एवढं काय?" मी त्याला अशा शब्दांत उत्तर दिलं की तो फिरायला निघून गेला.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसून भाजी निवडत होत्या. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. माझ्या विषयातलं त्यांना ओ की ठो कळत नाही, आणि ते त्या कबूलही करतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "हा आराखडा तू कुठे बसून केलास गं?"

"इथेच. ह्याच टेबलावर."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. माझा लॅपटॉप, नवऱ्याचा लॅपटॉप, दोन्हींच्या वायरी, कपाटावर प्रिंटर. मग पानं मोडता मोडता म्हणाल्या, "वर्षाची आखणी करायची असली की मी पहिले चार दिवस काहीच शिकवायची नाही. नुसती बघायची, रंगपेटी कोणाकडे नाही. हात वर करायला नाही लावायचे हं, मुलं लाजतात. फिरून बघायचं. मग ठरवायचं. एका वर्गात निम्म्यांकडे रंग नव्हते. त्या वर्षी मी अख्खं वर्ष पेन्सिलीवर काढलं. मोठे साहेब तपासणीला आले तर म्हणाले, रंग कुठे आहेत? म्हटलं, पुढच्या वर्षी या."

"आई, चित्रकलेचं वेगळं. इथे यंत्राशिवाय विषयच होत नाही."

"होत नाही का?" त्या म्हणाल्या. "मग ती तुझी इस्त्रीवालीची पोर कशी करते?"

एवढा संताप झाला मला! बारा वर्षांची माझी तपश्चर्या, आणि भाजी निवडता निवडता ही बाई माझा निकाल लावून मोकळी. मी ताडकन उठून खोलीत गेले आणि दार आपटलं. दार आपटल्यावर लक्षात आलं की लॅपटॉप बाहेरच राहिला आहे. मग वही आणि पेन्सिल घेतली.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी संगणक कक्षात गेले आणि एकेक यंत्र सुरू करून पाहिलं. हे काम पहिल्या दिवशी करायचं असतं. मी सहाव्या आठवड्यानंतर करत होते. चोवीस टेबलं, त्यातली पंधरा यंत्रं सुरू झाली. पंधरावं बाजूने थोपटल्यावर. अठ्ठेचाळीस मुलांचे दोन गट, गटात चोवीस, एका यंत्रावर दोघं. एकाने टंकायचं, दुसऱ्याने कागद धरून चुका पकडायच्या, मधे जागा बदलायची. बारा यंत्रं पुरतात. तीन उरतात. पुरतात! पाच आठवडे मी यंत्रं पुरत नाहीत म्हणून गळा काढत होते, आणि एकदाही मोजली नव्हती.

पहिले सहा आठवडे यंत्र नाहीच. चौकटीच्या कागदावर प्रोग्रॅम लिहायचा आणि पेन्सिलीने चालवायचा. प्रत्येक ओळीनंतर कोणत्या नावात कोणता आकडा बसला ते रकान्यात भरत जायचं. वकील डोक्यात करते तेच, फक्त कागदावर. हे लिहिताना मला पुन्हा राग आला, कारण ते जुन्या आराखड्यापेक्षा चांगलं होतं.

एक गोष्ट मात्र जिवावर आली. शेवटचा भाग. प्रत्येक मुलाने दोन महिने घरी बसून स्वतःच्या मनातलं काहीतरी बनवायचं, खेळ, हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम, काहीही. त्या भागासाठीच मी बारा वर्षं पत्रं लिहीत होते. तो कक्षात बसवून पाहिला, तास अपुरे पडत होते. सरकवून पाहिला. छाटून पाहिला. शेवटी अख्खी सात पानं काढली. नवरा म्हणाला, "दोन पानं तरी ठेव." मी म्हटलं, तू फिरायला जा.

या दोन दिवसांत वकील वर्गात होती आणि नव्हतीही. मंगळवारी मी मुद्दाम फळ्यावर एक चूक केली. ती नेहमी तुटून पडते. तिने मान वर करून पाहिलं, चूक पाहिली, हे मला स्पष्ट दिसलं, आणि मान खाली घातली. "काही शंका?" मी विचारलं. "नाही बाई," ती म्हणाली. एखादी पोर आपल्याशी भांडत नाही याचा एवढा त्रास होईल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. त्या दिवशी माझं सगळं खापर त्या लाल चांदणीवर फोडून झालं, फॉर्म बनवणाऱ्यावर फोडून झालं, कारकुनांवर फोडून झालं. कोणावरही ते नीट फुटेना.

गुरुवारी सकाळी नवा आराखडा हेडसरांपुढे ठेवला. एकवीस पानं. त्यांनी चाळीस मिनिटं वाचला, मी समोर बसून. चौकट सातमध्ये लिहिलं होतं: अट नाही.

"आधी एकोणीस ठिकाणी घरचा सराव होता," ते म्हणाले.

"आता शून्य ठिकाणी," मी ताठ मानेने म्हणाले. त्यांनी सही केली. उद्या दुपारपर्यंत जो पालकांच्या सहीचा फॉर्म आणेल तो वर्गात, असं ठरलं. त्यांनी वर्गातल्या माझ्या बडबडीबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

पहिल्या तासाला मी नववीवर गेले. या वेळी खडू हातातच ठेवला, हाताला काहीतरी हवं होतं.

"सोमवारी मी तुम्हाला सांगितलं की ती अट हेडसरांनी घातली. ते खोटं होतं. ती अट मी घातली होती. माझ्या अक्षरात नसेल, पण माझ्याच हाताने. आता ती काढली आहे आणि आराखडा नवा केला आहे. ज्याला हा विषय घ्यायचा आहे त्याने उद्या फॉर्म आणावा. हेडसरांची माफी मी मागणार आहे. तुमची आत्ता मागते."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, मग दोघांनी त्याला गप्प केलं. मी फॉर्म वाटले. तास संपल्यावर मुलं बाहेर पडली, वकील जागची हलली नाही. मी तिच्या बाकापाशी गेले.

"बाई, तुम्ही सोमवारी मुद्दाम खोटं बोललात, की तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"माहीत नव्हतं. लिहून विसरले होते."

"विसरलात?"

"चौकट भरायची म्हणून लिहिलं गं. विचार केला नव्हता."

"आमचा," ती म्हणाली. "आमचा विचार केला नव्हता. माझ्या घरी नाही, हे तुम्हाला माहितीये. दर गुरुवारी माझी वही तुम्हीच बघता."

"हो. माहीत होतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे लाल झाले होते, पण रडत नव्हती. रागाने झाले होते, ते मला बरोबर ओळखता येतं.

"हेडसरांनी ते पान दाखवलं ना, तेव्हा मी त्यांना म्हणाले की आमच्या बाई असं लिहिणार नाहीत. नंतर कुणीतरी घुसवलंय. मी त्यांना खोटारडे म्हणाले, बाई. तोंडावर. त्यांनी नुसतं शेवटचं पान उलटलं. खाली तुमची सही होती."

बारा वर्षांत माझी बाजू घेऊन कुणी कुठे भांडायला गेलं नव्हतं. ही गेली होती. चौदा वर्षांची पोर, एकट्याने, त्या थंड माणसाच्या खोलीत. आणि मी तिला तिथे तोंडघशी पाडलं होतं.

"नवा आराखडा द्या," ती म्हणाली.

तो मुलांना दाखवायचा नसतो. मी दिला.

ती पहिल्या पानापासून वाचायला लागली. भरभर नाही, बोट ठेवून ओळ न् ओळ. दुसऱ्या तासाची घंटा झाली. मला आठवीवर जायचं होतं, तिला भूगोलाला. दोघीही हललो नाही. तिच्या दप्तराच्या वरच्या कप्प्यातून माझा फॉर्म डोकावत होता. आज सकाळी वाटलेला नव्हे, त्याला घड्या पडलेल्या होत्या. सोमवारी यादी लागण्याआधी, विषय जाहीर झाला तेव्हा वाटलेला. त्यावर आईची सही होती, इस्त्रीच्या डागासकट.

"तो देतेस ना?" मी विचारलं.

"थांबा."

पान सोळावर तिचं बोट अडकलं.

"इथे लिहिलंय, 'उरलेला प्रोग्रॅम सुट्टीत टंकून आणावा.' सुट्टीत शाळा बंद असते. कुठे टंकायचा?"

मी वाकून पाहिलं. होतं. तीन दिवस, पानोपानी शोधून, हेडसरांची चाळीस मिनिटं आणि माझी ताठ मान, एवढं सगळं होऊन ते तिथेच होतं. मला कुणाचा तरी राग यायला हवा होता म्हणून मी इकडे तिकडे पाहिलं. वर्गात आम्ही दोघीच होतो.

मी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ खोडली. खोडून पेन परत खिशात टाकायला गेले.

"अजून पाच पानं आहेत," वकील म्हणाली. तिने पान उलटलं होतं, माझ्याकडे पाहिलंही नाही. "पेन इथेच ठेवा, बाई."